आवडतं सगळं, पण उठून करवत नाही. हा दाहाचा परिणाम असू शकतो का?

पाणरंग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला ६ वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो संधिवात) आहे. औषधं चालू आहेत, सांधे तसे ताब्यात आहेत, सकाळी बोटं आखडतात ती अर्ध्यापाऊण तासात सुटतात, त्याबद्दल रडगाणं नाही. तक्रार वेगळीच आहे आणि ती डॉक्टरांसमोर बसलं की धड सांगताच येत नाही.

मी वॉटरकलर करते. म्हणजे करायचे. रंगांचा डबा समोरच्या कपाटात आहे, कपाट चार पावलांवर आहे आणि गेल्या ५ महिन्यांत मी तो काढलेला नाही. दुखतं म्हणून नाही. उदास आहे का म्हणाल तर रडूबिडू येत नाही, कुणी जोक केला तर हसते, झोपही बऱ्यापैकी लागते. नुसतं उठवत नाही. डब्याकडे बघते आणि मनात असं येतं की आता पाणी आणायचं, कागद चिकटवायचा, नंतर ब्रश धुवायचे... आणि तिथेच विषय संपतो.

गंमत पुढे आहे. मागच्या महिन्यात बहीण आली होती. तिने मला न विचारता सगळं टेबलावर मांडलं, पाणी भरलं, ब्रश अक्षरशः हातात कोंबला, आणि मी दोन तास रंगवत बसले. मस्त वाटलं, खोटं नाही सांगत, अगदी पूर्वीसारखं मस्त. ती गेली, मी सगळं आवरून ठेवलं (ते बरं जमलं!) आणि त्यानंतर परत शून्य.

म्हणजे आवड मेलेली नाही. मग मेलंय काय? नेटवर वाचलं की इन्फ्लमेशनमुळे, म्हणजे दाहामुळे, मेंदूतलं डोपामिन कमी होतं वगैरे, पण त्यातलं निम्मं पावडरी विकणाऱ्यांनी लिहिलेलं दिसतंय. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

खिडकीशेजारी

"दुसऱ्याने मांडून दिलं की जमतं" हे वाचून दचकलेच. मला थायरॉइड आहे, तुमच्यासारखं नाही, पण हे वाक्य माझंच आहे. वाचतेय.

तिरकस_आडवा

झालं. आता आळसालाही शास्त्रीय नाव मिळालं. उद्या ऑफिसात उशीर झाला की साहेबांना सांगतो, सर काय करणार, सायटोकाइन वाढलेत.

ताई, तुम्हाला नाही म्हणत, तुम्हाला आजार आहे. पण हे इन्फ्लमेशन प्रकरण हल्ली इतकं बोकाळलंय की केस गळले तरी तेच, पोट सुटलं तरी तेच, बायकोशी भांडण झालं तरी तेच. ज्या शब्दात सगळंच मावतं त्यात काहीच नसतं, हे माझं वैयक्तिक मत.

लॅबातला_उंदीर

तिरकसराव, टोमणा निम्मा मान्य. उरलेल्या निम्म्यासाठी टंकायला बसतोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे औषधांचं मला विचारू नका.

आपण इन्फ्लमेशनला 'सूज' म्हणतो आणि तिथेच फसतो. सूज हे त्याचं एक लक्षण. शब्द 'दाह' जास्त बरा. पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने त्याची चार लक्षणं लिहून ठेवलीत: लाली, उष्णता, सूज, वेदना. पाचवं नंतर जोडलं गेलं, ते म्हणजे काम बंद पडणं. सुजलेला गुडघा वाकत नाही, ते पाचवं लक्षण. मला नेहमी वाटतं की या धाग्याचा विषय म्हणजे ते पाचवं लक्षण गुडघ्याऐवजी अख्ख्या माणसाला लागू झालेलं.

आता हे होतं कसं. शरीरात कुठेही जंतू शिरले किंवा प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटली की पेशी निरोप सोडतात, तेच ते सायटोकाइन. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही नेहमीची मंडळी. पूर्वी समजूत होती की मेंदूभोवती भिंत आहे, तो या भानगडीतून बाहेर. तसं नाहीये. व्हेगस नर्व्ह पोटाछातीतून वर खबर नेते, मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लॅंडिन बनवून आत निरोप पोचवतात, आणि काही ठिकाणी ती भिंत मुळातच झिरपती असते. निरोप एकच, 'आत लढाई चालू आहे, बाकी सगळं थांबवा.'

फ्लू झाल्यावर आपण जे वागतो, पांघरूण घेऊन पडायचं, कुणाशी बोलायचं नाही, तोंडाला चव नाही, त्याला सिकनेस बिहेवियर म्हणतात. बेंजामिन हार्ट नावाच्या पशुवैद्यकाने १९८८ मध्ये हे नीट मांडलं की आजारी जनावर निपचित पडतं ती मोडतोड नाही, तो डावपेच आहे. ताप १ अंश सेल्सिअसने वाढवायला शरीराला सुमारे १० ते १३ टक्के जास्त ऊर्जा लागते. ती कुठून तरी काढायचीच, मग फिरणं-खेळणं-रंगवणं यांचं बजेट कापलं जातं.

आणि आळसाचं म्हणाल तर एक जुना प्रयोग ऐका. १९६४ मध्ये नील मिलरने उंदरांना जिवाणूंचं विष टोचून आजारी पाडलं. बक्षिसासाठी दांडी दाबायचं काम त्यांनी कमी केलं. आता आपण म्हणू, अशक्तपणा आला. पण त्याच आजारी उंदरांना फिरत्या पिंपात ठेवलं, जिथे दांडी दाबली की पिंप थोडा वेळ थांबतं आणि विश्रांती मिळते, तर तिथे त्यांनी दांडी निरोगी असतानापेक्षा *जास्त* दाबली! दांडी तीच, पंजा तोच. ताकद गेलेली नव्हती, कशासाठी खर्च करायची ते बदललं होतं.

तिरकस_आडवा

हा उंदीर आवडला. अजून आहेत का?

लॅबातला_उंदीर

आहेत की. १९९७ चा एक, फ्रान्समधल्या गटाचा, त्यात रॉबर्ट डॅंट्झर होते, ज्यांनी या विषयात आयुष्य घातलं. पिल्लं असलेल्या उंदरीणींना तसंच आजारी पाडलं. खोलीचं तापमान २२ अंश असताना त्या घरटं बांधेनात. ६ अंशांवर नेलं, जिथे घरट्याशिवाय पिल्लं गारठून मरतील, तर आजारी असूनही बांधायला लागल्या.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. दाह इंजिन बंद पाडत नाही, तो अग्रक्रम बदलतो. जे टाळलं तरी चालतं ते आधी टळतं. आणि दुर्दैवाने माणसाच्या आयुष्यातल्या आनंदाच्या बहुतेक गोष्टी 'टाळलं तरी चालतं' याच रकान्यात पडतात.

पाणरंग

हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. ५ महिन्यांत मी एकही बिल थकवलेलं नाही, ऑफिसचं काम वेळेत, सासूबाईंची औषधं वेळेत. फक्त रंग बंद. नवरा म्हणतो की तुला जे करायचं असतं ते तू करतेसच की. त्याला काय उत्तर द्यावं कळत नव्हतं. म्हणजे मी २२ अंशांवरची उंदरीण.

तिरकस_आडवा

मग उपाय सोपा, एसी ६ वर लावा. (माझ्या वैयक्तिक फ्रिजात जागा आहे.)

ओके ओके, गप्प बसतो. पण डोपामिनचं राहिलं. ते आनंदाचं केमिकल ना? तेच कमी झालं तर मग ताईंना दोन तास मजा कशी आली?

लॅबातला_उंदीर

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. 'डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल' हे वाक्य नेटवरून कायमचं पुसता आलं तर मी पार्टी देईन. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास नष्ट केलं. ते उंदीर समोर ठेवलेलं खाईनात, सोडलं असतं तर उपाशी मेले असते. पण जिभेवर साखरेचं पाणी घातलं की जिभल्या चाटायचे, अगदी नॉर्मल उंदरासारखे! म्हणजे गोडी शाबूत, ओढ गेली. शास्त्रज्ञ याला लाइकिंग आणि वॉंटिंग म्हणतात, पण मला आपले गोडी आणि ओढ हेच शब्द जास्त चपखल वाटतात. डोपामिनचा संबंध मुख्यतः ओढीशी, आणि त्यातही 'ही गोष्ट मिळवायला एवढे कष्ट घेणं परवडतं का' या हिशेबाशी.

ताईंची केस बघा. डबा समोर मांडून मिळाला, कष्ट शून्यावर आले, गोडी होतीच.

आता दाह तिथे काय करतो. डोपामिन बनवणाऱ्या एंझाइमला बीएच-४ नावाचा मदतनीस लागतो. दाहामध्ये ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो आणि हा मदतनीस नासतो, मग उत्पादनच घटतं असा अंदाज आहे. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या जेनिफर फेल्गर आणि अँड्र्यू मिलर यांच्या गटाने माकडांना ४ आठवडे इंटरफेरॉन (हेही एक सायटोकाइन, औषध म्हणूनही वापरतात) दिलं तेव्हा मेंदूच्या स्ट्रायटम भागातून सुटणारं डोपामिन कमी झालं, आणि त्याच ठिकाणी लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, पुरवला तर ते परत सुटायला लागलं. साठवण बिघडलेली नव्हती, माल येत नव्हता असा त्याचा अर्थ लावतात.

दुसराही एक रस्ता आहे, ट्रिप्टोफॅन (प्रथिनांमधला एक घटक) सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्याकडे जायच्या ऐवजी कायन्युरेनिन नावाच्या रसायनाकडे वळतं तो, पण तो लिहायला बसलो तर बायको झोपायला हाक मारायचं सोडून देईल.

जुना_सी

इंटरफेरॉनचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मी हिपॅटायटिस सी चा जुना पेशंट. आता गोळ्यांनी १२ आठवड्यांत बरं होतं, २०१३ च्या शेवटी सोफोसबुव्हिर आलं आणि चित्रच पालटलं, पण आमच्या वेळी आठवड्याला इंटरफेरॉनचं एक इंजेक्शन, ४८ आठवडे.

माणूस म्हणून त्या ४८ आठवड्यांबद्दल सांगतो. पहिले काही दिवस फ्लूसारखं, अंग मोडून येणं, कसर. ते अपेक्षित होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं. माझा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, पहिल्यांदा धावायला लागलेला. मी खुर्चीत बसून बघायचो. मला कळायचं की हे छान आहे. पण उठून त्याच्यामागे धावावं असं आतून यायचंच नाही. काचेपलीकडे बघितल्यासारखं. आणि त्याचा अपराधभाव इतका की तोच एक वेगळा आजार होऊन बसला.

इंजेक्शनं संपली, आणि साधारण दोन महिन्यांनी एके दिवशी सकाळी मी आपणहून सायकल पुसायला काढली. कुणी सांगितलं नव्हतं. पुसता पुसता लक्षात आलं की अरे, मी सायकल पुसतोय.

तिरकसराव, तुमच्यावर राग नाही. पण माझ्या बाबतीत तो आळस सिरिंजमध्ये भरून यायचा, तारीख-वार ठरवून.

तिरकस_आडवा

कान पकडले.

वॉर्डातली_चप्पल

डॉक्टर आहे, फिजिशियन. मानसोपचारवाली नाही. जुना_सी यांनी जे लिहिलंय ते तेव्हा आम्ही सगळ्यांनीच बघितलंय. २००१ चा एक अभ्यास या विषयात सारखा सांगितला जातो. मेलेनोमा या कॅन्सरसाठी जास्त डोसमध्ये इंटरफेरॉन घेणारे ४० पेशंट. निम्म्यांना आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. दुसऱ्या गटात ४५ टक्के लोकांना मेजर डिप्रेशन आलं, पहिल्या गटात ११ टक्के. म्हणजे दाहाचं रसायन बाहेरून दिलं तर धडधाकट मनाच्या माणसालाही नैराश्य येऊ शकतं, यात आता फारसा वाद राहिलेला नाही. मात्र त्याच मंडळींच्या पुढच्या कामात दिसलं ते असं की मनाची उदासी त्या गोळीने आवरते, पण थकवा आणि अंगातली मंदगती तितकीशी हलत नाही. म्हणूनच "अँटीडिप्रेसंट घेतलं, रडू थांबलं, पण उमेद नाही आली" म्हणणारे पेशंट आम्हाला भेटत राहतात.

पाणरंग, तुम्हाला काही प्रश्न. शेवटचा सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी टेस्ट) कधी केला आणि किती होता? हिमोग्लोबिन? मेथोट्रेक्सेट (तुमच्या आजारातलं नेहमीचं औषध) चालू आहे का, आणि असेल तर ते घेतल्यानंतरचे एकदोन दिवस जास्त वाईट जातात का? थायरॉइड बघितलंय का? स्टेरॉइड अलीकडे कमी केलंय का? सांधे शांत वाटले म्हणजे आतला दाह शांत आहेच असं नाही, आणि उलटंही खरं, दाह पूर्ण उतरल्यावरही थकवा महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो.

आणि एक विचारते, राग मानू नका, सगळ्यांनाच विचारते. जगू नये असं कधी वाटतं का? तसं असेल तर ही चर्चा बाजूला ठेवून आजच कुणालातरी सांगायचं, डॉक्टरांना, घरी.

पाणरंग

नाही हो डॉक्टर, तसं कधीच नाही वाटलं. विचारलंत ते बरं वाटलं उलट.

मेथोट्रेक्सेट आहे, शनिवारी रात्री घेते, रविवार गेलाच. पण रंग सोमवार ते शुक्रवारही बंदच आहेत. सीआरपी ८ महिन्यांपूर्वी केला होता, आकडा आठवत नाही, 'ठीक आहे' म्हणाले होते. हिमोग्लोबिन कधी केलं तेच आठवत नाही. पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे, यादीच घेऊन जाते.

दुपारची_झोप

मग साधा प्रश्न, रोज एक आयबुप्रोफेन घेतली तर? दाह कमी, डोपामिन जास्त, विषय कट. मला कुठलाच आजार नाही पण उत्साहाची बोंब कायमची.

वॉर्डातली_चप्पल

नको!! पोटात अल्सर, किडनीवर ताण, बीपी वर, आणि उत्साह जिथल्या तिथे. ॲस्पिरिनवर मोठी चाचणी झालीय, ॲस्प्री नावाची, १९ हजारांवर ज्येष्ठ नागरिक, वर्षानुवर्षं कमी डोसची ॲस्पिरिन. त्यांच्यात नैराश्य टळलं नाही.

आणि त्याहून जास्त बोलकी चाचणी इन्फ्लिक्सिमॅबची, २०१३ ची, चार्ल्स रेझन आणि मंडळींची. हे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन, पाणरंग यांच्यासारख्या आजारात वापरतात. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० पेशंटना अर्ध्यांना हे, अर्ध्यांना सलाइन. सरसकट बघितलं तर फायदा शून्य. पण ज्यांचा सीआरपी आधीपासून ५ च्या वर होता त्यांच्यात औषधाकडे कल दिसला, आणि ज्यांचा कमी होता त्यांच्यात उलट सलाइनवालेच जास्त सुधारले! झोपबाई, तुमच्यात दाह नसेल तर दाह उतरवून मिळणार काय? उलट मेंदूला टीएनएफसारखी रसायनं रोजच्या कामात थोडीफार लागतातही.

हिशेबनीस

इतका वेळ गप्प होतो. चर्चा छान, पण ताळेबंद मांडू या.

एक तर, नैराश्य असलेल्या लोकांपैकी साधारण पाव लोकांचाच सीआरपी ३ च्या वर असतो. म्हणजे चारातल्या तिघांना हा सिद्धांत लागूच नाही. दुसरं, सीआरपी वाढतो कशाने? वजनाने, सिगरेटीने, हिरड्या सुजल्या तरी, अपुऱ्या झोपेने. पोटाभोवतीची चरबी स्वतःच टीएनएफ सोडते हे १९९३ पासून माहीत आहे. आता जो माणूस उमेद गेल्याने पडून राहतो, त्याचं वजन वाढणार, झोप बिघडणार, आणि मग सीआरपीही वाढणार. अंडं आधी की कोंबडी?

तिसरं, माणसांवरच्या प्रयोगांत आकडे एका सुरात बोलतात का? मी वाचलं त्यावरून तरी नाही.

लॅबातला_उंदीर

हिशेबनीस, तुम्ही आलात की मजा येते.

कोंबडीचं उत्तर देता येतं, कारण निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूच्या आवरणातला एक रेणू अत्यंत कमी प्रमाणात टोचून काही तासांचा दाह मुद्दाम उठवता येतो. तिथे वजन, सिगरेट, झोप काही आडवं येत नाही. टायफॉइडची लस देऊनही करतात, त्यात ताप नाही, नुसता हलका दाह, आणि तरी काही तासांत मूड खाली येतो आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये फरक दिसतो. २०१० मध्ये नाओमी आयझेनबर्गर यांच्या गटाने पहिल्या पद्धतीने दाखवलं की पैसे जिंकायची चाहूल लागल्यावर व्हेंट्रल स्ट्रायटम (स्ट्रायटमचाच खालचा भाग) जेवढा पेटायला हवा तेवढा पेटत नाही. त्यामुळे दाहाकडून उमेदीकडे जाणारा रस्ता आहे, एवढं नक्की. उलट दिशेचा रस्ताही आहे, तुम्ही म्हणता तो. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

आकडे एका सुरात नाहीत हे मात्र शंभर टक्के खरं, आणि तीच तर गंमत. २०१८ च्या एका प्रयोगात आजारी पाडलेल्या लोकांना बक्षिसाचं मोल तेवढंच वाटत होतं, फक्त कष्ट जास्त महाग वाटायला लागले. आणि २०१७ मध्ये ज्युली लासेलिन यांच्या गटाला तर असं दिसलं की जिंकायची शक्यता पुरेशी जास्त असेल तर दाह असलेले लोक अवघड काम *अधिक* निवडतात. म्हणजे कंजूस होतात म्हणा ना. खात्री असेल तिथे खर्च करतील, जुगारावर नाही.

माझं मत असं की 'दाह आनंद मारतो' हे ढोबळ वाक्य सोडून द्यावं. दाह भाव वाढवतो. प्रत्येक कामाच्या चिठ्ठीवरचा आकडा वाढतो, आणि खिसा तेवढाच राहतो.

हिशेबनीस

भाव वाढवतो हे पटलं. चौथा मुद्दा मागे घेतो (लिहिलाच नव्हता).

जाता जाता, व्यायामाचं कोडं मला कधी सुटलं नाही. व्यायामाने इंटरल्यूकिन-६ वाढतं ना? मग व्यायाम दाह कमी कसा करतो?

लॅबातला_उंदीर

आकुंचन पावणारा स्नायू ते सोडतो, व्यायामात बरंच वाढतं आणि काही तासांत उतरतं, आणि त्याच्या पाठोपाठ दाह शमवणारी रसायनं, इंटरल्यूकिन-१० वगैरे, वर येतात. टीएनएफ सोबत नसताना आलेलं इंटरल्यूकिन-६ वेगळी भाषा बोलतं. निरोप्या तोच, चिठ्ठी वेगळी. पण ज्याला चार पावलांवरचं कपाट उघडवत नाही त्याला 'व्यायाम करा' म्हणणं मला तरी जीभ रेटून करता येत नाही.

खिडकीशेजारी

याच्यासाठी +१००. मला दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं, अगं चालायला जा, बरं वाटेल. बरं वाटेल हे मलाही माहितीये! बूट घालेपर्यंतचं काय?

म्हणून मी एक करते, हसू नका. बूट दाराबाहेर नाही, पलंगाखाली. आणि जायचं ठरवत नाही, फक्त बूट घालायचे. घालून परत काढले तरी चालतात. महिन्यात निम्मे दिवस काढतेच.

जुना_सी

निम्मे दिवस म्हणजे पुष्कळ झाले हो.

वॉर्डातली_चप्पल

एकच सूचना, हा धागा वाचून सगळे उठून सीआरपी करायला पळू नका. साधी सर्दी, दाढ, जिममधली लचक, कशानेही चढतो. १० च्या वर असेल तर आधी इन्फेक्शन किंवा एखादा चालू आजार शोधायचा. हृदयविकाराचा धोका बघायला हाय सेन्सिटिव्हिटीवाली जी टेस्ट करतात, तीही दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी अशी शिफारस आहे, ती याचसाठी. आणि उमेद मोजायची टेस्ट ही नाहीच. एका माणसाचा २ असून तो गळालेला असतो, दुसऱ्याचा २० असून तो भांडायला येतो.

तिरकस_आडवा

दुसरा मी.

पाणरंग

३ आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफी.

यादी घेऊन गेले. पहिल्यांदाच नीट सांगता आलं, 'आवडतं पण उचलवत नाही' एवढंच म्हटलं आणि डॉक्टरांनी मान वर करून बघितलं. सीआरपी १८. हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे कमीच. सांधे काहीच बोलत नव्हते आणि आत हे चाललेलं. त्या म्हणाल्या की दाहामुळे शरीर लोह कोंडून ठेवतं, असतं पण वापरता येत नाही, त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. (मग मला वाटलं, लोहाचंही माझ्यासारखंच की, कपाटात आहे पण काढवत नाही.) औषध बदललंय, परिणाम कळायला आठ-दहा आठवडे लागतील म्हणाल्या, आणि हेही म्हणाल्या की सीआरपी उतरला तरी थकवा मागे राहू शकतो, तेव्हा आशा ठेवा पण तारीख ठरवू नका.

नवऱ्याला दांडीवाला उंदीर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, पिंप थांबवायचं काम मी केलं तर चालेल का. आता बिलं आणि आईंची औषधं तो बघतो, महिना तरी.

डबा कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय, उघडाच. खिडकीशेजारी, तुमच्या बुटांची कॉपी. काल रात्री जाता जाता बघितलं तर रंग सुकून दगड झालेत, निळ्याला तर भेगा पडल्यात. प्रत्येकावर दोन-दोन थेंब पाणी टाकून ठेवलंय.

तिरकस_आडवा

निळा भिजला की कळवा.